उंदरापासून माणसापर्यंत : कर्करोगावरील जनुकोपचाराची वाटचाल

वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी येते : ‘कर्करोगावर नवा इलाज सापडला.’ ज्याच्या घरात रोगी असतो तो माणूस ती बातमी कापून घेतो, खिशात जपून ठेवतो आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे उलगडतो. डॉक्टर ती वाचतात, कागद परत करतात आणि म्हणतात, “हे अजून उंदरांवर आहे.” या चार शब्दांनी त्या माणसाची मोठी निराशा होते. उंदीर बरा झाला, मग माझा माणूस का बरा होणार नाही? मधे एवढी वर्षे कशासाठी जातात?

आपल्या समाजातील कित्येक घरांतून परळच्या टाटा रुग्णालयाच्या खेपा झालेल्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही. तो आपलाही आहे. उंदरापासून माणसापर्यंतची ही वाट किती लांब आहे, ती कोणी कशी चालली, घाई करणाऱ्यांचे काय झाले आणि ज्यांच्यावर प्रथम प्रयोग झाले त्यांनी जगाला काय दिले, हे प्रस्तुत लेखात क्रमाने पाहू. उदाहरणासाठी कर्करोगावरील जनुकोपचार घेतला आहे, कारण या वाटेवरचे जवळजवळ सर्व खाचखळगे या एका विषयात पाहावयास मिळतात.

जनुकोपचार म्हणजे काय?

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीने काय करावे, केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे याच्या सूचना तिच्या केंद्रातील जनुकांत लिहिलेल्या असतात. या सूचनांत बिघाड झाला आणि पेशी थांबायचे विसरून वाढतच राहिली, म्हणजे कर्करोग होतो. तेव्हा पेशीत बाहेरून एखादे नवे जनुक घालून रोगाला आवर घालता येईल काय, हा विचार शास्त्रज्ञांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

पण जनुक पेशीच्या आत न्यायचे कसे? हे काम निसर्गात विषाणू करीत असतात. विषाणू पेशीत शिरतो आणि आपली जनुके तेथे सोडतो. शास्त्रज्ञांनी विषाणूतील उपद्रवी भाग काढून टाकला आणि त्याच्या जागी हवे ते जनुक बसवले. एका अर्थी शत्रूची गाडी घेऊन तिच्यात आपला माल भरला. ही गाडी ठरलेल्या जागीच जाईल, वाटेत कोणाला चिरडणार नाही, याची खात्री करून घेण्यासाठी आधी प्राण्यांवर चाचणी घेणे आले.

आधी प्राणी, मग माणूस

दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध भयंकर प्रयोग केले. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे त्या डॉक्टरांवर खटला चालला. १९४७ साली निकाल देताना न्यायाधीशांनी मानवी प्रयोगांसाठी दहा तत्त्वे घालून दिली. त्यांतील पहिले तत्त्व असे की, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. तिसरे तत्त्व असे की, प्रयोगाची आखणी प्राण्यांवरील प्रयोगांच्या निष्कर्षांवर आणि रोगाच्या माहितीवर आधारलेली असावी. पुढे १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी येथे असाच जाहीरनामा काढला.

म्हणजे ‘आधी प्राणी, मग माणूस’ हा क्रम आणि ‘माणसाची संमती’ ही अट, या दोन्ही गोष्टी एकाच निकालातून जगापुढे आल्या. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सारा इतिहास या दोन तत्त्वांभोवती फिरतो.

घाईचे दोन धडे

अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत स्टॅनफील्ड रॉजर्स नावाचे डॉक्टर सशांना होणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करीत होते. हा विषाणू अंगात गेलेल्या सशांच्या रक्तात आर्जिनिन नावाचे द्रव्य कमी होते, असे त्यांना आढळले. विषाणू हाताळणाऱ्या काही संशोधकांच्या रक्तातही ते कमी दिसले. त्याच सुमारास जर्मनीतील एका कुटुंबातील बहिणींना आर्जिनिन बेसुमार वाढण्याचा दुर्मीळ जन्मजात रोग असल्याचे कळले. १९७० च्या सुमारास या मुलींना सशाचा तो विषाणू टोचण्यात आला. त्यांना काहीही गुण आला नाही. ज्या जनुकावर रॉजर्स यांची सारी भिस्त होती, ते त्या विषाणूत नव्हतेच, असे पुढे दिसून आले.

दुसरा धडा १९८० सालचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतील मार्टिन क्लाइन या रक्तरोगतज्ज्ञांनी उंदरांच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या मगजात, नवे जनुक घालून दाखवले. त्याच वर्षी त्यांनी थॅलेसेमियाच्या दोन रोग्यांवर, एकावर जेरुसलेम येथे व दुसऱ्यावर नेपल्स येथे, तसाच प्रयोग केला. स्वतःच्या विद्यापीठाची परवानगी त्यांनी मिळवलेली नव्हती. रोग्यांना फायदा झाला नाही आणि सुदैवाने इजाही झाली नाही. परंतु बभ्रा झाला तेव्हा क्लाइन यांना विभागप्रमुखपद सोडावे लागले आणि सरकारी संशोधन-निधीचा काही भाग गमवावा लागला.

क्लाइन अडाणी नव्हते, किंबहुना त्या विषयातील आघाडीचे जाणकार होते. त्यांचे प्रकरण पाहून शास्त्रीय जगाला उमगले की, उंदरावरून माणसावर केव्हा जायचे हा निर्णय एकट्या संशोधकावर सोपवून चालणार नाही. १९८५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा प्रयोगांसाठी विचारात घ्यावयाच्या मुद्द्यांची जंत्री प्रसिद्ध केली. प्रत्येक योजना समितीपुढे उघडपणे मांडायची, प्राण्यांवरील पुरावा दाखवायचा, प्रश्नांना उत्तरे द्यायची, अशी रीत पडली.

पहिले पाऊल : फायद्याविना प्रयोग

या रीतीने पार पडलेला पहिला प्रयोग कर्करोगाच्याच रोग्यांवर झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील शल्यविशारद स्टीव्हन रोझेनबर्ग हे मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर काम करीत होते. कर्करोगाच्या गाठीत शिरलेल्या रोग्याच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवायची आणि परत रोग्याच्या रक्तात सोडायच्या, अशी त्यांची पद्धत होती. परत सोडलेल्या पेशी नेमक्या जातात कोठे, किती दिवस टिकतात, हे कळणे अवश्य होते. त्यासाठी फ्रेंच अँडरसन आणि मायकेल ब्लेझ यांच्या साहाय्याने त्यांनी त्या पेशींत जिवाणूचे एक जनुक खुणेसाठी घातले. धोबी कपड्यावर खूण करतो तशीच ही खूण.

२२ मे १९८९ रोजी पहिल्या रोग्याला अशा पेशी देण्यात आल्या. पाच रोग्यांवरील निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. या खुणेच्या जनुकापासून रोग्यांना स्वतःला काहीच फायदा होणार नव्हता. बाहेरचे जनुक माणसाच्या शरीरात सुरक्षितपणे नेता येते, एवढेच त्यातून सिद्ध व्हायचे होते. पुढच्या साऱ्या उपचारांची पहिली पायरी ही अशी मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांच्या खांद्यावर उभी आहे.

१४ सप्टेंबर १९९० रोजी जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या चार वर्षांच्या एका मुलीवर प्रत्यक्ष उपचारासाठी जनुक वापरले गेले. जानेवारी १९९१ मध्ये रोझेनबर्ग यांनी मेलॅनोमाच्या रोग्यांना गाठ मारणारे एक प्रथिन तयार करणारे जनुक पेशींतून दिले. यामागचे कारण बोधप्रद आहे. हे प्रथिन उंदराला टोचले की त्याच्या गाठी विरघळत. पण उंदीर त्याची जी मात्रा सहन करतो तिचा अल्पसा अंशही माणसाला सोसत नाही, रक्तदाब कोसळतो. उंदराच्या गाठी विरघळवणारी मात्रा माणसाला देणेच शक्य नव्हते, म्हणून ते प्रथिन गाठीपुरतेच तयार व्हावे अशी ही खटपट होती. एकाच औषधाला दोन शरीरे किती वेगळी दाद देतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

माकडांनी दिलेला इशारा, उंदरांनी दिलेली हूल

येथे प्राण्यांवरील चाचणीची उपयुक्तताही सांगितली पाहिजे. १९९२ साली एक गोष्ट उघड झाली. जनुकवाहक विषाणूंच्या एका साठ्यात स्वतःहून वाढणारे विषाणू मिसळलेले होते आणि तो साठा वापरलेल्या माकडांपैकी तिघांना लसिकापेशींचा कर्करोग झाला. हा इशारा माणसाऐवजी माकडांकडून मिळाला हे मोठेच भाग्य. त्यानंतर वाहक विषाणूंच्या शुद्धतेची तपासणी फार कडक झाली.

याच्या उलट उदाहरण मेंदूतील गाठींचे. उंदरांच्या मेंदूतील गाठीत नागिणीच्या जातीच्या एका विषाणूचे जनुक घातले आणि मग गॅनसायक्लोव्हिर हे औषध दिले, तर ज्या पेशींत ते जनुक शिरले त्या औषधाने मरत. शेजारच्या पेशीही मरत. १९९२ साली हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा उंदरांच्या गाठी पूर्णपणे नाहीशा झालेल्या होत्या. त्याच वर्षअखेरीस माणसांवर प्रयोग सुरू झाले. अखेर २४८ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्यांच्या जोडीला हा जनुकोपचार दिला गेला. २००० साली निष्कर्ष आले : दोन्ही गटांतील रोगी साधारण सारखेच, म्हणजे सरासरी एक वर्षाच्या आसपास जगले. उंदराची गाठ एवढीशी, माणसाची त्याच्या कितीतरी पट मोठी. सुईने सोडलेले जनुक सुईच्या आसपासच राहिले. दूरवर पसरलेल्या कर्करोगापर्यंत ते पोहोचलेच नाही.

या प्रयोगात उंदीर खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे त्याने खरे उत्तर दिले. तो प्रश्न उंदराच्या गाठीचा होता, एवढेच.

१९९५ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही स्पष्ट शब्दांत बजावले की, जनुकोपचाराचा गाजावाजा त्याच्या प्रत्यक्ष फलितापेक्षा फार अधिक झाला आहे. संशोधकांनी मूलभूत अभ्यासाकडे वळावे.

१९९९ : न सांगितलेली गोष्ट

तो इशारा पुरेसा मानला गेला नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठातील एका प्रयोगात १८ वर्षांचा तरुण मरण पावला. त्याला कर्करोग नव्हता. यकृतातील एका द्रव्याच्या अभावाचा जन्मजात रोग होता आणि तोही सौम्य. औषधे व पथ्य यांवर त्याचे बरे चालले होते. याच रोगाने जन्मतःच दगावणाऱ्या बालकांना पुढे उपयोग होईल, या भावनेने तो प्रयोगात सामील झाला. १३ सप्टेंबरला त्याला विषाणूवाहित जनुक देण्यात आले. त्याच्या प्रतिकारशक्तीने प्रचंड उसळी घेतली, एकेक अवयव निकामी होत गेला आणि १७ सप्टेंबरला त्याने प्राण सोडला.

चौकशीत जे बाहेर आले ते मृत्यूइतकेच दुःखद होते. आधीच्या काही रोग्यांना झालेला त्रास वेळेवर कळवण्यात आला नव्हता. याच जातीच्या वाहकाची जास्त मात्रा दिलेली काही माकडे मेली होती. त्यांचा उल्लेख संमतिपत्राच्या आधीच्या मसुद्यात होता, पण रोग्यांच्या हाती आलेल्या कागदात तो उरला नव्हता. प्रयोगाच्या प्रमुखांचे या क्षेत्रातील एका कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. जानेवारी २००० मध्ये सरकारने त्या संस्थेतील जनुकोपचाराचे सर्व मानवी प्रयोग थांबवले.

माकडांना दिलेली मात्रा जास्त होती आणि तो वाहक आधीच्या बनावटीचा होता, असे संशोधकांच्या बाजूने म्हणता येते. तथापि ती माहिती महत्त्वाची आहे की नाही, हे ठरवण्याचा हक्क कोणाचा? ज्याच्या शिरेत औषध जाणार त्याचा. माकडांनी साक्ष दिली होती. ती त्या मुलाच्या आणि त्याच्या वडिलांच्या कानांपर्यंत पोहोचू दिली गेली नाही. न्यूरेंबर्गचे तिसरे तत्त्व कागदोपत्री पाळले गेले, पण पहिले पाळले गेले नाही. प्राण्यांवर चाचणी घेऊन तिचा निष्कर्ष रोग्यापासून दडवला, तर त्या चाचणीचा रोग्याला काय उपयोग?

पुढे पॅरिसमध्ये आणखी एक धक्का बसला. तेथील नेकेर रुग्णालयात अलँ फिशर व मरीना काव्हाझाना यांनी प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या बाळांवर जनुकोपचार केला होता आणि काचेच्या खोलीत जगण्याची पाळी असलेली ती मुले घरी जाऊन इतरांसारखी खेळू लागली होती. पण २००२ पासून त्यांतील काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. एकूण चार मुलांना झाला आणि त्यांतील एक दगावले. घातलेले जनुक नेमके पेशीच्या वाढीशी संबंधित एका जनुकाशेजारी जाऊन बसले होते आणि त्याने ते जागे केले होते. माणसांवर जाण्यापूर्वीच्या उंदरांवरील प्रयोगांत हा धोका दिसलेला नव्हता. या वेळी मात्र डॉक्टरांनी ही गोष्ट जगापासून लपवली नाही. प्रयोग थांबवले, कारण शोधले आणि त्यातून अधिक सुरक्षित वाहक तयार झाले.

शिपायांना नवे डोळे

या अपयशांच्या काळातच दुसरी एक वाट हळूहळू तयार होत होती. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एशार यांनी १९८९ च्या सुमारास एक युक्ती मांडली. रोग्याच्या रक्तातील टी-पेशी या शरीराच्या शिपाई होत. परंतु कर्करोगाची पेशी आपल्याच घरची असल्याने या शिपायांना ती शत्रू म्हणून ओळखता येत नाही. तेव्हा त्यांना नव्या जनुकाने नवे डोळे द्यावेत. अशा पेशींना कार टी-पेशी म्हणतात. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रात मिशेल सादलें व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या विशिष्ट कर्करोगपेशींवर असणारी सीडी-१९ ही खूण ओळखणाऱ्या पेशी बनवल्या आणि २००३ साली त्यांनी उंदरांतील मानवी कर्करोग नष्ट केल्याचे प्रसिद्ध केले.

माणसांपर्यंत येताना येथेही किंमत मोजावी लागली. रोझेनबर्ग यांच्याच संस्थेत आतड्याचा कर्करोग फुप्फुसांत पसरलेल्या एका रोग्याला दुसरी एक खूण ओळखणाऱ्या सुमारे एक हजार कोटी पेशी एकदम दिल्या गेल्या. पाव तासात त्याचा श्वास कोंडला आणि पाच दिवसांनी तो वारला. ती खूण फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही अल्प प्रमाणात असते आणि शिपायांनी तेथेच हल्ला केला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केला.

२०१३ साली प्रसिद्ध झालेले दुसरे प्रकरण याहून विलक्षण आहे. कर्करोगाची एक खूण अधिक घट्ट पकडतील अशा पेशी बनवून त्या दोन रोग्यांना दिल्या. काही दिवसांतच दोघेही हृदय बंद पडून मरण पावले. हृदयाच्या स्नायूत टायटिन नावाचे प्रथिन असते. त्याचा एक तुकडा त्या खुणेसारखा दिसत होता. उंदरावर हे कळणे शक्यच नव्हते, कारण तो तुकडा या पेशींना दाखवणारे मानवी प्रथिन उंदराच्या अंगात नसते. काचेच्या बशीत वाढवलेल्या साध्या हृदयपेशींवरही ते कळले नाही. प्रयोगशाळेत माणसाच्या धडधडणाऱ्या हृदयपेशी तयार केल्या, तेव्हा कोठे खरा प्रकार उमगला. आता अशा उपचारांपूर्वी मानवी पेशींवरील या चाचण्यांना मोठे महत्त्व आले आहे.

यशाची गोष्टही ऐकावी. पेनसिल्वेनिया विद्यापीठातच, म्हणजे १९९९ चा घाव ज्या संस्थेला बसला होता तेथेच, कार्ल जून व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली रक्ताच्या कर्करोगाच्या तीन रोग्यांना सीडी-१९ ओळखणाऱ्या पेशी दिल्या. त्यांपैकी दोघांचा रोग पूर्णपणे नाहीसा झाला. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फिया येथे सहा वर्षांच्या एका मुलीला हा उपचार मिळाला. तिचा रक्ताचा कर्करोग दोनदा उलटलेला होता. पेशी दिल्यावर तिला प्रचंड ताप चढला, रक्तदाब घसरला आणि तिला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. आईवडिलांनी आशा सोडण्याची वेळ आली. रक्ततपासणीत इंटरल्यूकिन-६ नावाचे द्रव्य अतिशय वाढलेले आढळले. त्याला रोखणारे एक औषध सांध्यांच्या वातासाठी बाजारात होते. ते देताच काही तासांत ताप उतरू लागला. मुलगी शुद्धीवर आली आणि तिचा कर्करोग गेला. दहा वर्षांनंतरही ती निरोगी होती.

हा ताप त्या वेळच्या उंदरांत दिसलेला नव्हता. ज्या मानवी पेशी ते द्रव्य सोडतात, त्या त्या उंदरांच्या अंगात नव्हत्या. तसा ताप येणारे उंदीर शास्त्रज्ञांना २०१८ साली तयार करता आले. म्हणजे येथे माणसाने आधी शिकवले आणि उंदराला मागाहून शिकावे लागले! ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली. त्याच्या जोडीला ताप उतरवणाऱ्या त्या औषधालाही या कामासाठी मान्यता मिळाली.

खारघरची खेप

अमेरिकेत या एका उपचाराची किंमत पावणेपाच लाख डॉलर ठेवण्यात आली. आपल्याकडील रोग्याने हा आकडा ऐकून वाटेवरूनच परतावे, अशी स्थिती होती. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने येथेच अशा पेशी घडवण्यास आरंभ केला. परदेशी पेशींचे ‘डोळे’ मूळ उंदराच्या प्रथिनापासून घेतलेले होते. पुरवार यांच्या गटाने ते माणसाच्या प्रथिनाशी अधिक मिळतेजुळते केले. प्रयोगशाळेतील पेशींवर व उंदरांवर चाचण्या झाल्यावर टाटा स्मारक केंद्राचे हसमुख जैन, गौरव नरूला आदी डॉक्टर पुढे आले. ४ जून २०२१ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे टाटा केंद्राच्या रुग्णालयात पहिल्या रोग्याला या पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे या उपचाराचे लोकार्पण झाले. परदेशी किमतीच्या सुमारे एक दशांशात तो उपलब्ध झाला. सामान्य कुटुंबाला तोही आवाक्याबाहेरच आहे, हे खरे. पण वाट आपल्या दारापर्यंत आली.

या चाचण्यांचा वृत्तान्त २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६४ रोगी होते आणि ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी ७३ टक्के रोग्यांना गुण आला. त्याच वृत्तान्तात उपचारामुळे दोन रोग्यांचा मृत्यू झाल्याचेही स्पष्ट नमूद केले आहे. माझ्या मते ७३ टक्क्यांइतकेच महत्त्व या दुसऱ्या वाक्याला आहे. १९९९ साली जे लपले होते ते आता छापले जाते, ही या इतिहासाची खरी प्रगती होय. अमेरिकेतही या उपचारानंतर क्वचित काही रोग्यांना दुसरा कर्करोग झाल्याचे आढळले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापण्याचा आदेश निघाला.

आपण यातून काय घ्यावे?

या साऱ्या इतिहासाचे सार थोडक्यात असे : प्राण्यांवरील प्रयोग ही अर्धी साक्ष आहे. ती घेतल्यावाचून माणसाला हात लावणे हा गुन्हा आहे आणि ती पूर्ण साक्ष समजणे हा भ्रम आहे. उरलेली अर्धी साक्ष पहिला रोगी आपल्या देहाने देतो. म्हणून प्राण्यांनी जे जे सांगितले, चांगले आणि वाईट, ते सर्व त्याला आधी कळले पाहिजे.

पालकांसाठी चार गोष्टी सांगतो. उद्या आपल्या घरातील कोणाला नव्या उपचाराच्या चाचणीत सामील होण्याविषयी विचारले गेले, तर घाबरून नकार देऊ नये आणि भारावून सहीही करू नये. २००९ पासून आपल्या देशात अशा चाचण्यांची सरकारी नोंदवहीत नोंद करणे बंधनकारक आहे. नोंदणीचा क्रमांक विचारावा. २०१९ च्या नियमांनुसार संमतिपत्र रोग्याला समजेल अशा सोप्या भाषेत असले पाहिजे; ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो. समजणाऱ्या वयाच्या मुलाची स्वतःची मान्यताही घ्यावी लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास औषधपाणी विनामूल्य मिळावे आणि भरपाई मिळावी, असाही नियम आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

आणि डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे औषध कोणत्या प्राण्यांवर वापरले आणि त्यांचे काय झाले? माझ्या माणसाच्या आधी किती माणसांना दिले आणि त्यांचे काय झाले? यात ज्याला पैसा मिळणार आहे तो कोण? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट खुर्ची पुढे ओढून बसतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण डॉक्टर होतील, काही प्रयोगशाळेत जातील, काही औषधकंपनीत नोकरी करतील. केव्हातरी तुमच्यापुढेही एक कागद येईल आणि त्यातील एक अडचणीचे वाक्य गाळावे असा मोह होईल. मेलेल्या माकडांचे ते वाक्य त्या वेळी आठवावे. परीक्षेत गुण मिळवण्यासाठी आपण विज्ञान शिकतो, हे ठीकच आहे. परंतु विज्ञानाचा पहिला धडा जे दिसले ते तसेच सांगणे हा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज लागत नाही. तो धडा घरात आणि शाळेत आजपासूनच गिरवता येतो.

पुन्हा कधी वर्तमानपत्रात ‘कर्करोगावर नवा इलाज’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तो इलाज उंदरांवर आहे की माणसांवर, हे आधी पाहावे. उंदरांवर असेल तर आशा ठेवावी आणि धीरही ठेवावा. माणसांवर असेल तर ज्यांच्यावर तो प्रथम झाला त्या अनामिकांची क्षणभर आठवण करावी. त्यांतील कित्येक जण स्वतः वाचले नाहीत; त्यांच्यामुळे दुसरे वाचले.